सासऱ्यांची बंदूक माळ्यावर, मुलाची एअरसॉफ्ट बॅगेत

या वेळचं पत्र एका वाचक बाईंचं आहे, राहतात मुंबईजवळ, सासर कुडाळच्या बाजूला. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, माझे सासरे गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बंदूक होती. ती अजून गावच्या घरी माळ्यावर आहे, घरात सासूबाई एकट्या. बंदुकीला एकच नळी आहे, पण ती मधे मोडते (म्हणजे दुमडून उघडते) की नाही, भरलेली आहे की रिकामी, आईंना काहीच सांगता येत नाही. एका बिस्किटाच्या डब्यात काडतुसं पण आहेत म्हणे. चुलत दीर शेजारीच राहतात, ते अधूनमधून बंदूक घेऊन जातात, वानरांना घाबरवायला आणि रात्री डुकरांच्या मागे. मी विषय काढला की 'काय्येक होवचा नाय वैनी' म्हणतात. मिस्टर म्हणतात सावकाश बघू, लायसन्स माझ्या नावावर करून घेऊ. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या मुलाला, वय ११, नणंदेनं परदेशातून एअरसॉफ्ट गन आणलीय, दिसायला अगदी खरी. खोक्यावर १८+ लिहिलंय. पुढचं केशरी टोक, नकली आहे हे ओळखू यावं म्हणून असतं ते, त्याने काळ्या मार्करने रंगवून टाकलंय. मे महिन्यात तो ती गावी न्यायची म्हणतोय. घरात सगळे मला म्हणतात की तू उगाच दोन्ही एकत्र करून घाबरतेस, एक खेळणं आहे आणि एक आजोबांची आठवण आहे. मी खरंच उगाच घाबरतेय का?"

नाही हो, उगाच नाही. घरात तुम्ही एकट्याच बरोबर आहात असं मला पत्र वाचून वाटलं, आणि मे महिन्याची वाट न बघता याच आठवड्यात हालचाल करा.

आधी बंदुकीचं, कारण ते जास्त तातडीचं आहे. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात असं असतं की लायसन्स घराचं असतं, म्हणजे वडलांचं होतं तर आता मुलाचं, जसं लाइटचं मीटर वडलांच्या नावाने वर्षानुवर्षं चालू राहतं तसं. बंदुकीचं तसं नाहीये. परवाना माणसाच्या नावावर असतो आणि माणूस गेला की त्याच्यासोबत संपतो, कागदावर मुदत पुढची लिहिलेली असली तरी. म्हणजे आज तुमच्या माळ्यावर जी बंदूक आहे ती कायद्याने कुणीच ताब्यात ठेवायची नाही, सासूबाईंनी नाही, मिस्टरांनी नाही आणि दिरांनी तर अजिबातच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ याच परिस्थितीसाठी आहे, कुठल्याही कारणाने बंदूक ताब्यात ठेवणं बेकायदेशीर झालं की विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. पावसाळ्यापासून आजपर्यंत म्हणजे उशीर झालेलाच आहे, पण आपण होऊन जमा करायला गेलेलं कुटुंब आणि दिरांच्या हातात रात्री रानात सापडलेली बंदूक यात फार फरक पडतो. विनापरवाना बंदूक बाळगली तर तुरुंगवासाची शिक्षा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातल्या शिक्षा वाढल्यात, कमी नाही झाल्या. आणि उद्या काही झालंच तर बंदूक कुणाच्या घरातून आली हा प्रश्न पहिल्यांदा सासूबाईंना विचारला जाणार, हे मिस्टरांना शांतपणे बसून सांगा. कधीकधी आईचं नाव आलं की मुलगा ऐकतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सासूबाईंना फोन करून सांगा की बंदुकीला हात लावायचा नाही, खाली काढायची नाही, पुसायची नाही, कुणाला द्यायची नाही, दिरांना पण नाही. मग गावच्या पोलीस पाटलांना फोन करा. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या बंदुका गावोगाव आहेत, निवडणूक आली की त्या जमा करायचा विषय निघतो, त्यामुळे पाटलांना आणि ठाण्यातल्या लोकांना हे काम नवीन नसतं, घाबरायचं काही कारण नाही. मिस्टरांनी एक दिवस काढून जावं, मृत्यूचा दाखला आणि सासऱ्यांचं मूळ लायसन्सचं पुस्तक सोबत न्यावं, आणि ठाण्यात आधी कळवून विचारावं की तुमचा माणूस येऊन नेतोय का आम्ही आणू. बंदूक स्वतःच्या गाडीत टाकून किंवा एसटीने घेऊन निघू नका. भरलेली आहे की रिकामी हेच माहीत नाही म्हटल्यावर तर हे आधीच सांगायचं, म्हणजे येणारा माणूस जाणता येईल.

हा भरलेली-रिकामीचा मुद्दा जरा नीट समजून घ्या, कारण गावाकडे अपघात याच्यातूनच होतात. मधे मोडणारी बारा बोरची काडतुसाची बंदूक असेल तर ती मोडली की नळीचं मागचं तोंड उघडं पडतं आणि आत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं, माहितगार माणसाला दोन सेकंदाचं काम. पण ती मोडत नसेल आणि ठासणीची निघाली तर गोष्ट वेगळी. ठासणीची बंदूक पुढून भरतात, दारू, त्यावर बुच्चा म्हणजे दाबून बसवायचा बोळा, मग छर्रे, सगळं गजाने ठासून, आणि मागून उघडून बघायची सोयच नसते. कुणीतरी भरून ठेवली, जनावर आलंच नाही, बंदूक तशीच खुंटीला टांगली आणि विसरले, असं होतं. ती दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षांनी पण पेटते. केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, लावलेली नाहीये म्हणून ती निर्धोक आहे असं धरून चालू नका. गजाने खोली मोजून आत काही आहे का ते कळतं, पण ते बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचं काम आहे, घरच्या पडवीत बसून करायचं नाही. तुमच्यासारखीच माळ्यावर ठासणी असलेल्या बाकी वाचकांना पण हेच सांगणं आहे. केपांची डबी घरात कुठे पडली असेल तर तीही शोधा, मुलांना ती चकचकीत वाटते आणि दगडाने ठेचून बघायचा मोह होतो.

जमा करताना पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, प्रकार आणि काडतुसं किती ते लिहिलेलं पाहिजे. तारीख, सही, शिक्का. त्याचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

जमा केली म्हणजे गेली असं नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा, कारण मला वाटतं त्यांचा जीव अडकला असेल तर तो इथेच. कलम २१ मध्येच लिहिलंय की जमा करणाऱ्याला परवाना मिळाला की वस्तू परत मिळते, नाहीतर परवाना असलेल्या दुसऱ्याला विकून त्याचे पैसे घेता येतात. फक्त ते कायमचं पडून राहू शकत नाही, ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करून विसरून जायचं नाही, पुढचा निर्णय पण घ्यायचा.

तो निर्णय कोणता? मिस्टर म्हणतात माझ्या नावावर करून घेऊ. करता येतं. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवानाधारक वारला तर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. अर्ज गावच्या पत्त्यावर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्यासाठी ओरोसला, मुंबई शहरात पोलीस आयुक्तांकडे. बाकीच्या वारसांची ना हरकत, वैद्यकीय दाखला, बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण, पोलिसांची चौकशी, शेतीसंरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा, आणि बंदूक सुरक्षित ठेवायची सोय घरात आहे याचं लेखी. सासऱ्यांचं लायसन्स जुनं असेल तर त्यावर यूआयएन नंबर आहे का तेही बघून ठेवा, देशभरातल्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीत तो नंबर असतो आणि तो नसलेली जुनी लायसन्सं चालत नाहीत, चौकशीत हा प्रश्न येणारच.

पण करता येतं म्हणजे करावं असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे मी स्पष्ट लिहिते. मिस्टर राहणार मुंबईला, बंदूक शेतीसंरक्षणाची, शेत कुडाळला. मग ती राखण कोण करणार? बंदूक परत माळ्यावर जाणार आणि चावी परत दिरांकडे. लायसन्स मिस्टरांचं आणि बार काढणार भाऊ, हे चालत नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते ती दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला, वानरं हाकलायला नाही. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि परवाना जातो तो वेगळाच. दीर खरंच तिथे राहून शेती करतात, नारळ-काजूचं नुकसान त्यांचं होतंय, तर त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावं आणि मिळाला परवाना तर हीच बंदूक रीतसर विकत घ्यावी. आठवण घराण्यातच राहते आणि जबाबदारी ज्याच्या हातात बंदूक त्याच्यावर. हा रस्ता त्यांच्यासमोर ठेवा, भांडण न होता विषय सुटायची शक्यता याच्यातच जास्त आहे.

(ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठी एक, पत्राचा भाग नाही पण उपयोगाचं आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. वडलांना आता दिसत नाही, हात थरथरतो, तरी बंदूक त्यांच्याच नावावर, अशी घरं कोकणात कितीतरी आहेत. वेळेत करून घ्या.)

दिरांच्या रात्रीच्या फेऱ्यांबद्दल. वानरांनी आणि डुकरांनी कोकणातल्या शेतकऱ्याला रडकुंडीला आणलंय हे मी नाकारत नाही, कणग्यांचे कंद आणि भात एका रात्रीत उकरून जातात, वानर शहाळी काढून टाकतं, त्याचा राग मला समजतो. पण शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी तो शिकारीची परवानगी नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार जनावर मारायचं तर वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि ती पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांसाठीच. गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या जवळपास पण जायचं नाही. नुकसान झालं की वनविभागाकडे भरपाईचा अर्ज लगेच करायचा, फोटोसकट, लोक कंटाळा करतात पण पैसे मिळतात. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, रात्री बॅटरीच्या उजेडात झाडीत काहीतरी हललं म्हणून बार काढायचा आणि ते आपल्यातलंच माणूस निघायचं, अशा बातम्या दोडामार्गापासून रत्नागिरीपर्यंतच्या लोकांनी वाचलेल्या आहेत. काय्येक होवचा नाय म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगावं लागतं. तुम्हाला सून म्हणून अवघड जात असेल तर मिस्टरांनी सांगावं, नाहीतर पोलीस पाटलांनी.

आता मुलाचं. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिमीची प्लॅस्टिकची गोळी उडवणारी बंदूक, कधी स्प्रिंगवर, कधी गॅसवर, कधी बॅटरीवर. जपानमध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेला प्रकार, तिथे खऱ्या बंदुका सामान्य माणसाला ठेवता येत नाहीत म्हणून दिसायला हुबेहूब. गोळी साधारण ०.२ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला १०० मीटर धरला तर ताकद होते १ जूल. आकडा छोटा वाटतो, अंगावर कपड्यातून लागली तर वळ उठतो एवढंच, पण डोळ्यात लागली तर डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो, पडदा सुटू शकतो, नजर जाऊ शकते. म्हणून जिथे हा खेळ रीतसर खेळतात तिथे पूर्ण डोळे झाकणारा, धक्का सोसणारा गॉगल घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकू देत नाहीत. साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल चालत नाही, फुटला तर काच आत. खोक्यावर १८+ उगाच नाही लिहिलेलं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुमच्या मुलाच्या गनवर तो नसणार, कारण ती बनवणाऱ्यानेच ती मुलांसाठी बनवलेली नाही. घरात तिला खेळणं म्हणतात ते इथेच खोटं पडतं.

कायद्यातही ती खेळण्यासारखी सरळ बसत नाही. एअरगनला, म्हणजे जत्रेत फुगे फोडायला असते तसल्या छर्ऱ्याच्या बंदुकीला, २० जूलपर्यंत ताकद आणि ४.५ मिमीपर्यंत बोर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, असेल तर परवाना लागत नाही, त्याच्यावर लागतो. एअरसॉफ्टची ताकद खूपच कमी पण गोळी ६ मिमीची, आणि हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांकडे २०१६ च्या नियमांनी वेगळं लक्ष दिलंय. परदेशातून आणलेल्या अशा गन कस्टम्समध्ये अडकतात त्या यामुळे. नणंदेची आली ती आली, पण पुन्हा अशी मागवू नका, आणि विमानात केबिन बॅगेत तर खेळण्यातली बंदूक पण नेऊ देत नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते केशरी टोक रंगवलेलं. अमेरिकेत २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँड शहरात तामिर राइस नावाचा १२ वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता, केशरी टोक निघालेलं होतं, कुणीतरी पोलिसांना फोन केला, गाडी आली आणि काही सेकंदात पोलिसाने गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तो वारला. आपल्याकडे पोलीस असे लगेच गोळी झाडत नाहीत हे खरं, पण कोकण रेल्वेच्या डब्यात किंवा गावच्या रस्त्यावर एखाद्याने हुबेहूब बंदूक काढली तर लोक काय करतील हे सांगता येत नाही, आणि ज्या गावात घरोघरी खऱ्या बंदुका आहेत तिथे तर समोरचा माणूस खरीच समजणार. टोक पुन्हा केशरी करून घ्या, ऑइल पेंटने, त्याच्याच हाताने, का करायचं ते सांगून. गन गावी जाणार नाही हे आजच सांगा, सुट्टीच्या आदल्या दिवशी नको, नाहीतर रडारड होते आणि आजी मधे पडते.

आणि तुम्ही दोन्ही एकत्र करून घाबरता असं घरचे म्हणतात ना, तर अकरा वर्षांचं पोर ती दोन्ही खरंच एकत्र करू शकतं. त्याच्या हाताला चार महिने सवय लागलीय की उचलायची, भावाकडे रोखायची, चाप ओढायचा, समोरचा आ करून पडतो आणि हसत उठतो. माळ्यावरची हातात आली तर हात तेच करणार. आम्ही नेमबाजीच्या रेंजवर नवीन मुलांना एअर रायफल देतो तेव्हा नेम नंतर शिकवतो, आधी आठवडाभर फक्त एवढंच की नळी कुणाच्या दिशेने वळता कामा नये, बोट चापाच्या बाहेर, रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी भरलेलीच समजायची. घरातल्या एअरसॉफ्टला पण हेच नियम लावा, तुमच्या किंवा मिस्टरांच्या समोरच, खोक्यावर किंवा डब्यावर नेम, माणसावर आणि जनावरावर कधीच नाही, गॉगल घातल्याशिवाय नाही, आणि खेळून झालं की मॅगझिन काढून गन कपाटात, गोळ्या वेगळ्या. मोडला नियम की महिनाभर कपाटातच. खरं विचाराल तर मी ती १८+ गन त्याला देणारच नाही, पण नणंदेचा मान आणि पोराचं मन दोन्ही सांभाळायचं असेल तर एवढ्याच्या खाली येऊ नका.

त्याला हेही सांगा की कुठेही, कुणाच्याही घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, दुसरं मूल हात लावत असेल तर तिथून निघून यायचं, आणि लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. पण सांगितलंय म्हणून तो ऐकेल यावर विसंबू नका. कुतूहल सांगण्यापेक्षा मोठं असतं. म्हणून सुट्टीत गावी जायच्या आधी बंदूक घरातून गेलेलीच पाहिजे.

उद्या दिरांनी परवाना काढलाच तर त्यांच्या घरात ती कशी असावी ते सांगते, कारण तुमचा मुलगा त्यांच्याकडेही खेळणारच. भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट. बंदूक रिकामी करून, मोडून डोळ्यांनी बघून मग आत. बारा बोरची असेल तर नळी आणि दस्ता वेगळे होतात, ते वेगवेगळे ठेवता येतात. काडतुसं दुसऱ्या कुलपात. चावी देवघरातल्या फोटोमागे किंवा तांदळाच्या डब्यात नाही, त्या जागा घरातल्या प्रत्येक पोराला पाठ असतात, चावी परवानाधारकाच्या अंगावर. कोकणातली हवा दमट, म्हणून रेक्झिनच्या कव्हरमध्ये गुंडाळून वर्षभर ठेवायची नाही, आत पाणी धरतं आणि नळी गंजते, गंजलेल्या नळीतून बार काढणं म्हणजे स्वतःच्या तोंडाशी जुगार. तेलाचा हात देऊन उघडीच, कपाटात सिलिका जेल. प्यायलेलं असताना कपाट उघडायचं नाही, हे मी त्यांना लिहूनच द्यायला सांगेन.

मुलाला खरंच नेमबाजीची ओढ असेल, फक्त बंदूक मिरवायची हौस नसेल, तर त्याला रेंजवर घाला. १० मीटर एअर रायफल ४.५ मिमीच्या छर्ऱ्यावर चालते आणि मुलं प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत पण कोल्हापूरच्याच, महाराष्ट्रात या खेळाला चांगले शिक्षक आहेत. रेंजवर महिना काढला की तो स्वतःच घरातल्या गनकडे वेगळ्या नजरेने बघायला लागेल, मी हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय.

राहिला तो बिस्किटाचा डबा. जुनी काडतुसं विहिरीत टाकतात, चुलीत टाकतात, कुणी शेतात पुरतात, यातलं काहीही करू नका. कागदी पुठ्ठ्याची असतील तर ओलीने फुगलेली असतील, तरी आतली टोपी चालू असू शकते. डबा आहे तसा, न हलवता, न मोजता, बंदुकीबरोबर ठाण्याच्या माणसाच्या हवाली करा, मोजणी त्यांच्यासमोर होऊ दे आणि आकडा पावतीवर येऊ दे. सासऱ्यांनी काडतुसं विकत घेतल्याच्या नोंदी लायसन्सच्या पुस्तकात असतात, आकडा जुळला नाही आणि दिरांनी वापरली असतील तर तेही मिस्टरांना आधी माहीत असलेलं बरं, म्हणून सासूबाईंशी बोलून झालं की, पाटलांना फोन करण्याआधी, दिरांना फोन करा आणि सरळ विचारा.